चाक थांबतं तिथून

थामडांड्याला बोलेरो थांबली तेव्हा सगळ्यांत आधी मामा उतरले, कडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं एसटीत चालक म्हणून काढलेल्या माणसाचा हात तो, आपोआप गेला. आमचा नेपाळी चालक हसला आणि म्हणाला, “दाइ, तपाईं पनि ड्राइभर?” मामांना नेपाळी येत नव्हतं, पण शेवटचा शब्द पुरेसा होता.

पुढे रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण एका पिवळ्या यंत्राच्या दातांपर्यंत. आपण ज्याला पोकलेन म्हणतो त्यालाही तिकडे सरसकट डोजर म्हणतात, आणि कुणाला न विचारता डोंगर पोखरून केलेल्या रस्त्यांना ‘डोजरे विकास’ असा टोमणाही आहे. डोजर डोंगराचा लचका तोडत होता, माती खाली दूधकोशीच्या दरीत जात होती. त्या मातीच्या कडेकडेने खेचरांचा तांडा घुंगरं वाजवत चालला होता. त्याच्या मागून आता आम्ही चालायचं होतं, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत, 5,364 मीटर.

2023 चा एप्रिल. मुंबई सोडून सातवा दिवस होता.

बहुतेक जण हा प्रवास विमानाने करतात आणि लुकलाला उतरतात. तिथली धावपट्टी एडमंड हिलरींनी 1964 मध्ये शेरपांकडून जमीन घेऊन करवली, ती वरच्या गावांतल्या बांधकामांचं सामान आणायला. लांबी 527 मीटर, उतार जवळजवळ 12 टक्के, एका टोकाला डोंगराची भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. उतरणारं विमान चढ चढत थांबतं, उडणारं उतारावर वेग घेऊन दरीत झेपावतं. ढग आले की सगळं बंद. शिवाय ऐन हंगामात काठमांडूच्या विमानतळावर इतकी गर्दी होते की लुकलाची बरीचशी उड्डाणं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून होतात. म्हणजे विमानाचं तिकीट काढलेला माणूसही मध्यरात्री काठमांडूहून गाडीत बसतो, चार-पाच तास घाटांतून हेलकावे खातो आणि मग वीसेक मिनिटं उडतो. हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “एवढं खाली आदळत जायचंच हाय, तर मग वीस मिनिटांसाठी जीव कशाला टांगायचा वर?”

त्यांचा हा हिशेब मला पटला. मी काठमांडूच टाळलं.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून पवन एक्सप्रेस निघते ती थेट बिहारमधल्या जयनगरला जाऊन थांबते. दीड दिवसाचा प्रवास. डब्यात डोंगराचे बूट घातलेली मी एकटीच. बाकीचे मिथिलेला घरी निघालेले, कुणी भिवंडीच्या यंत्रमागावरचे, कुणी ठाण्यात रंगकाम करणारे. एव्हरेस्टला चाललो म्हटल्यावर समोरच्या आजीबाईंनी मला पोराबाळांविषयी विचारलं आणि मग मामांकडे असं पाहिलं, की या शहाण्या माणसाने तरी हिला अडवायला हवं होतं.

जयनगर हे मधुबनी जिल्ह्यातलं सरहद्दीचं गाव, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा वर नाही. एव्हरेस्ट मोजलं गेलं ते याच मुलखातून. एकोणिसाव्या शतकात नेपाळचं दार परक्या सर्वेक्षकांना बंद होतं. म्हणून 1849 च्या सुमारास त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या माणसांनी उत्तर बिहारच्या सपाटीवरून, पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहूनही लांबून, ‘पीक 15’ वर दुर्बिणी रोखल्या. त्यांच्या ठाण्यांच्या यादीत लदनिया हे नाव आहे. जयनगरच्या शेजारी त्या नावाचं गाव आजही आहे. पुढची आकडेमोड राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि 1856 मध्ये उंची जाहीर झाली, 29,002 फूट. 2020 च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला आकडा 8,848.86 मीटर, म्हणजे 29,032 फूट. भातखाचरांत उभं राहून मोजलेल्या शिखरात चूक किती, तर तीस फूट. आम्हाला मात्र त्या दिवशी धुळीपलीकडे काहीच दिसलं नाही.

बिहारच्या रेल्वे स्टेशनात उतरून एव्हरेस्टची वाट धरणं यातही आम्ही काही नवं करत नव्हतो. नेपाळने दार उघडल्यावर 1950 मध्ये टिलमन आणि ह्यूस्टन या गिर्यारोहकांची तुकडी, आणि 1951 मध्ये एरिक शिप्टन यांची पाहणी मोहीम, दोन्ही जोगबनीला आगगाडीतून उतरूनच उत्तरेला निघाल्या होत्या. शिप्टन यांच्याबरोबर पुढे वाटेत हिलरी येऊन मिळाले. एव्हरेस्टच्या पायथ्याचं खुंबूचं खोरं बाहेरच्या जगाला दिसलं ते विमानातून नव्हे, मधेशच्या, म्हणजे नेपाळच्या सपाटीवरच्या चिखलातून.

जयनगर ते जनकपूर छोटी गाडी धावते. 1937 पासून ती अरुंद रुळांवर होती, 2014 मध्ये बंद पडली, रूळ रुंद झाले आणि एप्रिल 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिचे डबे नेपाळला पुरवले आपल्या कोकण रेल्वेने. खिडकीशी बसून मला उगाचच चिपळूणचं स्टेशन आठवत राहिलं. हद्द ओलांडली तशी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे केली, शंभर रुपयांचे एकशे साठ झाले. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र चालतं. जनकपूरला टीकमगढच्या राणीने बांधवलेलं जानकी मंदिर पाहिलं. मामा गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “सीतेचं माहेर नीटनेटकं हाय.”

पुढे मिर्चैया नावाच्या गावाहून सिद्धिचरण राजमार्ग उत्तरेला डोंगरात शिरतो. सिद्धिचरण श्रेष्ठ हे नेपाळचे ‘युगकवी’, राणा राजवटीत तुरुंगात गेलेले; ‘मेरो प्यारो ओखलढुंगा’ ही त्यांची आपल्या गावावरची कविता नेपाळात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या गावाला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचंच नाव दिलं आहे. “आपल्याकडं कवीच्या नावाचा घाट हाय का गं?” मामांनी विचारलं. मी कटारीपासून घुर्मीपर्यंत विचार केला आणि गप्प राहिले.

घुर्मीला सुनकोशी नदी लागते. तिथे उकाडा इतका की स्वेटरांनी भरलेली पाठपिशवी हास्यास्पद वाटली. मग चढ सुरू झाला आणि संध्याकाळी ओखलढुंगा आलं. ओखल म्हणजे उखळ, ढुंगा म्हणजे धोंडा. मामांना गावाच्या नावाचा अर्थ सांगावा लागला नाही.

मामा रस्ता वाचतात. मी खिडकीतून हिमशिखरं शोधत होते, ते आतल्या कडेला पाहत होते. “चर नाही,” ते म्हणायचे. “डोंगराकडनं पाणी आलं की जाणार कुठं? रस्त्यावरनंच जाणार, जाताना रस्ता घेऊन जाणार.” हा घाटातल्या माणसाचा साधा हिशेब आहे. कच्चा डोंगर उभा कापायचा, गटार करायचं नाही, भिंत बांधायची नाही आणि पावसाळ्यात दरड आली की देवाला बोल लावायचा. या रस्त्यांचा धोका आम्ही परतल्यावर दीड वर्षात फार वाईट रीतीने दिसला. जुलै 2024 मध्ये सिमलतालला दरडीने दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या. 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या काठी कोसळली. 27 जण गेले, त्यांतले बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले, भुसावळ-वरणगाव परिसरातले. सप्टेंबरच्या अखेरीस पुराने बनेपा-बर्दिबास रस्त्याचा काव्रेतला पट्टा खाऊन टाकला. काठमांडूहून सल्लेरीला येणाऱ्या गाड्या याच रस्त्याने येतात. मामांना फोन केला तर ते म्हणाले, “बातमी बघितली.” पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यामुळे रस्त्याने गेलं म्हणजे निर्धास्त, असं मी कुणाला सांगणार नाही. पावसाळ्यात तर या वाटेने जाऊच नये. रात्रीच्या गाडीत तर मुळीच बसू नये.

सल्लेरी हे सोलुखुंबू जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. खाली सोलु, वर खुंबू, मधल्या पट्ट्याला फराक म्हणतात. सल्लेरीच्या बाजारात उभं राहिलं की कळतं, आपण एव्हरेस्टच्या कोठारात आलो आहोत. गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, अंड्यांचे खोके, पत्रे, प्लायवूड, नूडल्सच्या पेट्या. वर बेस कॅम्पच्या अलीकडच्या गोरक्षेपला कुणी परदेशी पाहुणा जे काही खाणार आहे ते इथे जमिनीवर पडलेलं असतं.

चाक कुठे थांबतं, यावर या वाटेवरच्या गावांचं नशीब ठरत आलं आहे. 1953 च्या मार्चमध्ये जॉन हंट यांची एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातूनच, भक्तपूरहून चालत निघाली होती. साडेतीनशेच्या आसपास हमाल, खुंबूतल्या थ्यांगबोचेला पोचायला जवळजवळ सतरा दिवस. मग चीनच्या सरहद्दीकडे जाणारा अरनिको राजमार्ग झाला आणि चाक लामोसांगूला आलं. स्वित्झर्लंडच्या मदतीने 1980 च्या दशकात ते जिरीला पोचलं. जिरीहून भंडार, सेते, 3,530 मीटरची लामजुरा खिंड, जुनबेसी, अशी ती जुनी वाट. लुकलाच्या विमानांनी तिच्यावरची गर्दी कमी केलीच होती. सल्लेरीला मोटार आली तशी उरलेली माणसंही गेली. आम्ही गेलो तेव्हा थामडांड्याला जीप येऊ लागली होती आणि सल्लेरीतला खानावळवाला तक्रार करत होता की पाहुणे इथे रात्रसुद्धा काढत नाहीत. प्रत्येक नवा रस्ता मागच्या शेवटच्या गावाला मधलं गाव करून सोडतो.

सल्लेरीच्या अंगाला फाप्लू आहे. तिथलं इस्पितळ बांधायला हिलरी आले होते, आणि 31 मार्च 1975 रोजी त्यांना भेटायला निघालेल्या पत्नी लुईझ आणि धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूहून उड्डाण होताच विमान कोसळून गेल्या. लुकलाची धावपट्टी करवणाऱ्याच्या घरावर हा घाव आकाशातूनच पडला. इस्पितळ त्यांनी पुरं केलं. ते अजून चालू आहे.

सल्लेरी ते थामडांडा हा रस्ता म्हणणं धाडसाचं. रिंगमोच्या सफरचंदाच्या बागा, ताक्सिंदूचा माथा, तिथून नुनथलामार्गे थेट दूधकोशीच्या तळाशी, पुन्हा वर खारीखोला, बुप्सा, पैया. जितकं चढायचं तितकंच उतरायचं. गाडी बोलेरो, बहुधा आपल्या नाशिकचीच, आत दहा माणसं आणि टपावर कोंबड्या. पहिल्या गिअरमध्ये तास न् तास. एका वळणावर आम्हा सगळ्यांना उतरवून चालकाने रिकामी गाडी चिखलातून काढली, तेव्हा मामा बाहेर उभे राहून उजव्या पायाने हवेतला अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते.

खारीखोल्याला मुक्काम होता तिथे एक खेचरवाला भेटला. आधी सल्लेरीपासून नामचेपर्यंत माल न्यायचा. आता खाली ट्रॅक्टर आणि जीप आल्या, खेचरांना वरचा तुकडा उरला. “रस्ता नको वाटतो का?” मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न मागे घ्यावासा वाटला. त्याच्या वहिनीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा तिला माणसांच्या पाठीवरून फाप्लूला न्यावं लागलं होतं. रस्ता हवाच. पण खेचरांवर काढलेलं कर्ज फिटायच्या आधी तो वर पोचू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मी शहरातून जे हळहळणं घेऊन आले होते, की हाय, ही पवित्र वाट आता मोटारीखाली जाणार, ते त्या रात्री त्याच्या चुलीशी बसून फार चैनीचं वाटलं. तिबेटच्या बाजूला मोटार रोंगबुकच्या पुढे पार तळापर्यंत जाते. तिथे कुणी रडत नाही, फक्त चालण्याचा प्रश्न मिटतो.

चालण्याचा प्रश्न आम्हाला मात्र होता. थामडांड्याहून सुर्के, मग चौरीखर्क. चेपलुंगला लुकलाकडून येणारी वाट मिळते. तिथे अचानक गर्दी झाली. सकाळी विमानातून उतरलेली माणसं, कोऱ्या कपड्यांची, एकमेकांना पहिला चढ कसा जाईल विचारणारी. आम्ही धुळीने तांबडे. मामांनी त्यांच्यातल्या एकाला “राम राम” घातला.

लुकलाच्या वर मोटार नाही, सायकल नाही, हातगाडीही मी पाहिली नाही. चाक म्हणाल तर एकच, ‘माने’चं. म्हणजे मंत्र कोरलेलं, हाताने किंवा ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं प्रार्थनाचक्र. मंत्र कोरलेल्या भिंती उजव्या हाताला ठेवून जायचं असतं. मामांनी वाटेतलं एकही चक्र फिरवल्याशिवाय सोडलं नाही. “एवढंच वाहन हाय इथं, चालवून बघतो.”

बाकी सगळं पाठीवर. जोप्क्यो, म्हणजे याक आणि गाईचा संकर, आणि माणूस. पाठीवर डोको नावाची बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, त्याला नाम्लो म्हणतात, आणि हातात आखूड काठी, जिच्यावर ओझं टेकवून उभ्यानेच विसावा घेता येतो. नामचेच्या शनिवारच्या बाजाराला जाणाऱ्या हमालांची ओझी काही संशोधकांनी तोलून पाहिली होती; 2005 मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. पुरुषाच्या पाठीवर सरासरी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के, बाईच्या 66 टक्के. सल्लेरीत बाजारात पाहिलेला प्लायवूड मला जोरसल्लेच्या पुलावर पुन्हा भेटला, एका पोराच्या पाठीवर, वाऱ्यात शिडासारखा फडफडत. विमानाने आले असते तर तो पोरगा माझ्यासाठी फक्त वाटेतला अडथळा राहिला असता. खालून आल्यामुळे मला पोत्यांची गावं ठाऊक होती. वर डाळ-भाताचा भाव वाढत गेला तसं मी कुरकुरले नाही. मोंजोला सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे; सार्क देशांच्या माणसाला प्रवेशशुल्क 1,500 नेपाळी रुपये आणि वर कर.

रस्त्याने आल्याचा आणखी एक फायदा शरीराला होतो, असं मी धरून चालले होते. तो होतो, पण थोडाच. लुकलाला उतरणारा माणूस तासाभरात 2,800 मीटरवर जातो. आम्ही आठवडाभर वरखाली करत, फुप्फुसं आणि गुडघे घासत तिथवर आलो होतो. पण खरी परीक्षा 3,000 मीटरच्या वर असते आणि तिथे कुणालाच सवलत नाही. रोज झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. नामचेला, 3,440 मीटरवर, आम्ही थांबलो. थ्यांगबोचेला गोंपा पाहिली, म्हणजे बौद्ध मठ. 1934 च्या भूकंपात पडलेली, 1989 मध्ये जळालेली, पुन्हा बांधलेली. डिंगबोचेला एक दिवस जास्त थांबायला हवं होतं. मी घाई केली.

लोबुचेला, 4,940 मीटरवर, रात्री डोकं असं दुखायला लागलं की डोळे उघडवेनात. मग उलटी. मी जिममध्ये जाणारी, धावणारी. मामा एकसष्ट वर्षांचे, त्यांना काही नाही. सकाळी मी म्हटलं, “मामा, गोळी घेते, आज एवढं करू, दोन दिवसांचं तर काम राहिलंय.”

“घाटात गाडी तापली तर काय करायचं?” मामांनी विचारलं.

“थांबायचं.”

“आणि?”

“बॉनेट उघडून वाट बघायची.”

“मग चल खाली.”

आमच्याबरोबर ओझं वाहायला सोलुचा एक पोरगा होता, त्याला आम्ही भाइ म्हणायचो. त्याने तोवर माझी पिशवी आपल्या डोकोत टाकलीच होती. तो जे नेपाळीत सांगत होता तेच मामा मराठीत सांगत होते. दुपारी फेरिचेला, 4,371 मीटरवर उतरलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना 1973 पासून आहे. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, सरळ रेषेत चालून दाखवायला लावलं आणि दोन रात्री वर जायचं नाही म्हणून बजावलं. मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी होण्याआधी शरीर पुष्कळदा अशी डोकेदुखीने हाक मारतं. तिला गोळीने गप्प करून वर चढणारे हेलिकॉप्टरमधून खाली येतात, किंवा येत नाहीत. दवाखान्याच्या ओसरीत उन्हाला बसून आम्ही ती हेलिकॉप्टरं मोजली. पहिल्या सकाळी अकरा झाल्यावर मामांनी मोजणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा निघालो, आणि बेस कॅम्पला पोचलो. त्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. दगडांखाली हिमनदी आहे, ती मधूनच कडकडते. पिवळे-नारिंगी तंबू, समोर खुंबूचा हिमप्रपात, जिथे 18 एप्रिल 2014 च्या पहाटे एका हिमकड्याखाली सोळा नेपाळी कामगार गेले. हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जरा वर. आणि एव्हरेस्टचं शिखर तिथून दिसतच नाही. मधे आलेला पश्चिमेचा खांदा ते झाकून टाकतो. त्यासाठी काला पत्थर चढावं लागतं. मी चढले नाही. मामा भाइला घेऊन पहाटे गेले आणि येऊन म्हणाले, “काळं हाय. वारा त्याच्यावर बर्फ टिकू देत नसावा.”

उतरायला पाच दिवस लागले. सुर्केहून शेवटचा चढ चढत होतो तर बोलेरो अलीकडेच दिसली. डोजर तेवढ्या दिवसांत तीन वळणं पुढे आला होता. चालक तोच. त्याने मामांना पुढे, आपल्या शेजारी बसवलं. तीन वळणं मागे गेल्यावर मामांनी हात दाखवून गाडी थांबवायला लावली. उतरले, रस्त्याच्या ऐन मध्यावर पडलेला आपला दगड उचलून कडेला ठेवला, हात झटकले आणि येऊन बसले.